राऊत सर, खोरीपाड्याच्या कागदावर सही राहिली

सर,

गुरुवारी ऑफिसात तुमची शोकसभा झाली आणि मी मधेच उठून बाहेर आले. लोकांना वाटलं, सुजाताला रडू आवरलं नाही. कोणीतरी पाण्याचा ग्लास घेऊन मागोमाग आलं. मला रडूबिडू काही आलं नव्हतं. तुमचा इतका राग आला होता की आणखी पाच मिनिटं तिथे बसले असते तर हार घातलेल्या फोटोशी भांडले असते.

झालं असं की वरच्या ऑफिसातून मोठे साहेब आले होते. ते उभे राहिले आणि म्हणाले, "राऊत म्हणजे पाण्याचा माणूस. खोरीपाड्याचं मेलेलं तळं त्यांनी जिवंत केलं. माझा प्रस्ताव आहे, त्या तळ्याला राऊतांचं नाव द्यावं, काठावर फलक लावावा." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या हॉलमध्ये बसलेल्या निदान सहा जणांना माहीत होतं की खोरीपाड्याचं तळं जानेवारीपासून कोरडं ठणठणीत पडलंय. त्या सहा जणांनीही डोलावल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात, नाहीतर त्याही वाजवल्या असत्या.

तुम्ही असतात तर काय केलं असतं, हा विचार माझ्या मनात आला आणि त्याच क्षणी मी उठले.

तुम्ही रविवारी सकाळी गेलात. शुक्रवारी संध्याकाळी जीपमधून उतरताना मला म्हणाला होतात, "सोमवारी बोलू." सोमवारी मी ऑफिसात आले तेव्हा तुमच्या टेबलावर उदबत्ती जळत होती. ही काय रीत झाली? भांडण अर्ध्यावर टाकून असं निघून जातात का? एरवी तुम्ही फोनवरसुद्धा समोरच्याचं बोलणं पुरं झाल्याशिवाय ठेवत नव्हता, मग तो नळाला पाणी नाही म्हणून शिव्या घालणारा का असेना.

मला नोकरीतला पहिला दिवस आठवतो. प्रादेशिक योजनेचा नकाशा पाठ करून आले होते मी. धरणापासून शुद्धीकरण केंद्र, तिथून मोठ्या टाक्या, तिथून डहाणू-तलासरीतली गावं, सगळं घडाघडा सांगणार होते. तुम्ही ऐकूनच घेतलं नाहीत. जीपमध्ये बसवलंत आणि म्हणालात, "पंपहाउस कुठे पळून जात नाही. आधी शेवटच्या नळावर जायचं. तिथे बाई रिकामा हंडा घेऊन उभी असेल तर तुझी योजना नापास. मग वर पंप कितीही छान चालू दे." एकोणीस वर्षं मी तसंच केलं. कोणत्याही गावात गेले की पहिल्यांदा गावाचं शेवटचं टोक. नव्या इंजिनियरांना मी हेच शिकवते आणि तुमचं नाव घेऊन शिकवते.

वाणगावच्या बाजारातली ती गळतीही आठवते. पाइप कुठे फुटलाय ते सापडेना. तुम्ही मला लोखंडी सळई दिलीत, एक टोक पाइपवर, दुसरं कानाला, आणि भर बाजारात मला गुडघ्यांवर बसवलंत. भाजीवाल्या हसत होत्या. एक म्हणाली, "बाई, काय म्हणतोय नळ? चहा घेणार का?" मी लाजेने मेले होते. आणि मग तो बारीक सूं आवाज आला. मी ओरडलेच, "सर, इथे!" तुम्ही मला तिथल्या तिथे वडापाव खिलवलात आणि त्या भाजीवालीलाही. "लोखंड ऐकायला येतं तिला आता," म्हणालात. ते आठवलं की तुमच्याबद्दल फार माया येते. आणि लगेच संताप येतो, कारण लोखंडाला कान लावायला शिकवणाऱ्या माणसाने एका म्हातारीचं ऐकलं नाही.

खोरीपाडा आपल्या योजनेचं शेवटचं टोक. तलासरीच्या बाजूला, चढावर. तिथल्या टाकीत पाणी चढायचं ते वाटेतल्या गावांनी सोडलं तर. तुम्हाला तो पाडा सलत होता, हे मला माहीत आहे. म्हणून तलाव पुनरुज्जीवनाच्या यादीत एक जागा मिळाली तेव्हा तुम्ही डहाणूतलं, रस्त्याकाठचं, फोटोला बरं दिसणारं तळं सुचवलं नाहीत. खोरीपाड्याचं सुचवलंत. वरून दोनदा विचारणा झाली, "एवढ्या आत कशाला?" तुम्ही हटला नाहीत. त्या पाड्याला स्वतःचं पाणी असावं, आपल्या पाइपकडे डोळे लावून बसायची पाळीच येऊ नये, एवढंच तुमच्या डोक्यात होतं. हे मी कुणाहीपुढे शपथेवर सांगेन.

तळं दिसायला गचाळ होतं. काठाला गाळ, मधे म्हशी. पण एप्रिलपर्यंत त्यात पाणी असायचं आणि काठावरच्या विहिरीला मे महिन्यातही दोन हंडे मिळायचे. काम सुरू व्हायच्या आधी आपण पाड्यात बैठक घेतली. लखमी आजी तेवढी बोलायला उठली. आठवतंय ना?

"साहेब, काठाचा गाळ न्या हवा तेवडा. आमी पन नेतो, भिंतीला. मधला नको काढा. तो म्हशींनी सारवलेला हाय."

तुम्ही हसलात. "म्हशी सारवतात, आजी?"

"मंग? घर आमी सारवू, तळां म्हशी सारवतात. पानी कमी झालां का मधी जाऊन लोळतात, पायानी तुडवतात. म्हनून पानी ठरतां."

मीही हसले. बैठक संपल्यावर जीपमध्ये आपण दोघंही त्यावर हसलो. नंतर मी माझं कॉलेजचं जाडजूड पुस्तक काढून पाहिलं. पाणी झिरपू नये म्हणून तळाशी चिकणमाती ओली करून तुडवायची, थरावर थर बसवायचा, असं त्यात एक अख्खं प्रकरण आहे. आपण दोघांनी ज्यात पदवी घेतली त्याच विषयावर ती बाई बोलत होती. तिने म्हैस म्हटलं म्हणून आपल्याला ते शास्त्र वाटलं नाही. आणि हे पुस्तक मी कधी उघडलं? तळं आटल्यावर. तेव्हा मला स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटली होती.

खोदाई चालू असताना पोकलेनवर गुजरातेतल्या उंबरगावकडचा ड्रायव्हर होता. दर तासाला मान बाहेर काढून विचारायचा, "साहेब, हजी नीचे लऊं?" म्हणजे अजून खाली घेऊ का, आणि तुम्ही त्याच्याच भाषेत, "ले, ले, हजी ले." पाण्याची हाव सुटली होती तुम्हाला. मला दुसरा शब्द सापडत नाही. माझ्या हातात मापं होती. काळी चिकण माती संपली आणि पिवळट मुरूम दिसायला लागला, त्या दुपारी मी म्हटलं, "सर, मुरूम लागला."

"लागू दे. अजून एक मीटर गेलो तर मे महिन्यापर्यंत पाणी, सुजाता."

मी मापं लिहून घेतली. एकदा बोलले, दुसऱ्यांदा बोलले नाही. तुमच्यावर चिडताना हे मी विसरत नाही. मुरमातून पाणी जातं हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही माहीत असतं, मला माहीत होतं, तुम्हालाही होतं. पण तुम्ही इतके खूश होतात की मला तुमचा विरस करवेना. माझ्या त्या लाडामुळे एका पाड्याचं तळं गेलं.

वर आपण शोभा केली ती वेगळीच. चारही बाजूंनी काठाला दगड बसवून पिचिंग, पेव्हर ब्लॉकचा फिरण्याचा रस्ता, जाळीचं कुंपण आणि फाटकावर पाटी, 'जनावरांना प्रवेश नाही'. खोरीपाड्यात सकाळी फिरायला कोण जाणार होतं सर? तिथल्या बायका दिवसभर चालतच असतात, पाण्यासाठी. पण वरून नमुना आला होता आणि आपण तो जसाच्या तसा उतरवला. ज्यांनी तळ सारवायचा त्यांनाच आपण बाहेर ठेवलं.

पहिल्या पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं. नारळ फुटले. शोकसभेत हार घातलेला तुमचा तो हसरा फोटो तिथलाच. दिवाळीनंतर पाणी भराभर उतरायला लागलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "नवीन माती आहे, पहिल्या वर्षी पिते." दुसऱ्या वर्षीही तेच झालं. तेव्हा तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. जानेवारीत तळाला चिखलसुद्धा उरला नव्हता, नुसता मुरूम. सगळं पाणी खालच्या ओहोळात निघून गेलं होतं. काठावरची विहीरही तळ्याबरोबर गेली. बायका ओहोळात खड्डे खणून वाटीने हंडा भरत होत्या. मी ते पाहिलं आणि तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "मीटिंगमध्ये आहे." तुम्ही मीटिंगमध्ये नव्हता. मागे तुमच्या घरच्या मिक्सरची घरघर ऐकू येत होती.

पाड्यातून तक्रार वर गेली. वरून उत्तराचा मसुदाच टाइप होऊन आला, खाली फक्त आपल्या सह्या करायच्या. 'ग्रामस्थांनी कुंपण तोडून जनावरे सोडल्याने व तळातील माती नेल्याने तलावाची पाणी धरून ठेवण्याची क्षमता बाधित झाली आहे.' कुंपण तोडलं होतं, खरं आहे. पण तळं आटल्यानंतर. म्हशींना निदान काठच्या झाडांच्या सावलीत तरी बसता यावं म्हणून. त्या कागदावर सही झाली की फाइल बंद. काम पूर्ण, दोष गावाचा, म्हणजे दुरुस्तीचा प्रश्नच नाही. आणि खरं लिहिलं असतं, की तळ आम्ही जास्त खोदला, तर चूक खात्याची, मग चिकणमातीचा थर परत घालणं खात्याच्या गळ्यात. खोरीपाड्याला पाणी मिळणार की नाही ते तुमच्या एका सहीवर होतं.

तीन आठवडे तो कागद तुमच्या ड्रॉवरमध्ये होता. तुम्ही सही केली नाहीत. नाकारलाही नाहीत. खोटं बोलायचं नाही आणि खरंही बोलायचं नाही, म्हणजे आपण सज्जन राहतो, असं वाटलं का तुम्हाला?

त्या शुक्रवारी आपण हायवेवर अच्छाड नाक्याजवळ ट्रकांच्या रांगेत अडकलो होतो. ड्रायव्हर खाली उतरून चहा आणायला गेला आणि मी विषय काढला. तुम्ही म्हणालात, "निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. आता चौकशी मागे लावून घेऊ? बत्तीस वर्षं पाणी पोचवलंय मी. एका तळ्यावरून माझा हिशोब करणार तू?"

"मी नाही सर. खोरीपाडा करतोय."

"तू मला शिकवू नकोस, मॅडम." चिडलात की तुम्ही मला मॅडम म्हणायचा.

आणि मग मी ते बोलले. "तुम्हाला आता शेवटच्या नळावर जायची भीती वाटते." ट्रकचे हॉर्न वाजत होते, तरी तुम्हाला ते नीट ऐकू गेलं, कारण तुमचा चेहरा पडला. ड्रायव्हरने आणलेला चहा तुम्ही हातात धरून बसलात, प्यायला नाहीत. त्या वाक्याबद्दल मी माफी मागावी असं मला रोज दिवसातून चार वेळा वाटतं. मागणार नाही. ते खरं होतं. पण ते तुम्हाला ऐकवलेलं जवळजवळ शेवटचं वाक्य असावं, असं मला कधीही वाटलं नव्हतं. हे एवढं तरी तुम्हाला कळायला हवं होतं.

शोकसभेनंतर मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. तोच मसुदा. "राऊत आता आपल्यात नाहीत. त्यांच्या नावाला बट्टा नको. तुम्ही सही करा, विषय संपवून टाकू. फलकाचं मी बघतो." किती सोयीचे झालात तुम्ही सर! जिवंत होतात तेव्हा निदान ड्रॉवर तरी अडवून बसला होतात. आता तुमच्याच नावाचा फलक गाडून त्याखाली सगळं पुरायला निघालेत.

मी तुमच्या घरी वहिनींकडे गेले. खरं काय ते वर लिहायचं, तर त्यांना विचारून मग लिहावं, असं वाटलं. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तेराव्याला अजून चार दिवस आहेत आणि तू हे घेऊन आलीस?" मी म्हटलं, "वहिनी, तिथे बायका वाटीने पाणी भरतायत." त्या म्हणाल्या, "माहीत आहे मला. ते जेवताना सांगायचे. पण त्यांच्या मागे लोकांनी काय म्हणायचं? बत्तीस वर्षांचं एवढंच?" निघताना त्या दारापर्यंत आल्या नाहीत. नेहमी चिकूंची पिशवी हातात कोंबणाऱ्या वहिनी. त्यांचा राग मला समजतो आणि त्या रागाचेही धनी तुम्हीच आहात. तुम्ही लिहून गेला असतात तर मला त्या बाईच्या दारात जावं लागलं नसतं.

काल खोरीपाड्यात गेले. लखमी आजी ओहोळावरून येत होती. तुम्ही गेल्याचं तिला सांगितलं तर ती हंडा खाली ठेवून बसलीच.

"तो साहेब? शनवारी तर आलता."

"कोण, राऊत सर? इथे?"

"एकटाच. फटफटीवर. बांधावर बसला, किती तरी येळ. मी म्हनलां, पानी देऊं? तर नको म्हनला. मी म्हनलां, साहेब, आता चिकल कोन घालल परत? काय बोल्ला नाय. उठला नि गेला."

म्हणजे आपलं भांडण झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही डहाणूहून फटफटी हाणत तिथे गेलात. मी जे तोंडावर फेकलं ते उरावर घेऊन गेलात. गेलात ते गेलात, आणि त्या म्हातारीने स्वतःहून विचारलं तरी तोंड उघडलं नाहीत! 'आजी, माझं चुकलं' एवढं म्हणायला कुठली फाइल लागत होती, कुणाची मंजुरी लागत होती? मी बांधावर उभी राहून मोठ्याने ओरडले तुमच्यावर. मग मला रडू आलं, आठवड्यात पहिल्यांदा. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाय, तो मेला. तू हाय ना. तू बोल."

आज सकाळी मी माझा अहवाल वर पाठवला. साध्या मराठीत लिहिला, एक पान. तळ गरजेपेक्षा जास्त खोदला गेला आणि पाणी धरणारा चिकणमातीचा थर निघून गेला. जास्त खोदण्याचा निर्णय उपअभियंता राऊत यांचा. मुरूम लागल्याचं दिसूनही लेखी हरकत न घेणारी शाखा अभियंता मी. ग्रामस्थांनी कामापूर्वीच सावध केलं होतं, ते आम्ही दोघांनी मनावर घेतलं नाही. उपाय: मुरमावर रोलर, वर चिकणमातीचे थर, कुंपण काढून टाकणं, जनावरांना मोकळीक. खाली सही केली. शेजारी तुमच्या सहीची जागा रिकामी ठेवली, कारण दुसऱ्याची सही मी करत नाही.

दुपारी मोठ्या साहेबांचा फोन आला. "मेलेल्या माणसावर ढकलता, मॅडम?"

"निम्मं साहेब. उरलेलं निम्मं माझ्यावर आहे, तिथपर्यंत वाचलं नाहीत का?"

उद्या अकरा वाजता मला बोलावलंय. काय होईल ते होईल. बदली करतील, चौकशी लावतील. त्याची मला फारशी भीती नाही. भीती एकाच प्रश्नाची आहे, आणि तो येणार हे नक्की. कोणीतरी पुढे वाकून विचारेल, "राऊत असते तर त्यांनी यावर सही केली असती का?"

तुम्ही शनिवारी तळ्यावर गेला होतात, म्हणून मला वाटतं, केली असती. तिथून तोंड न उघडता उठलात, म्हणून वाटतं, नसती केली. एकोणीस वर्षं बरोबर काम करूनही मला ठरवता येत नाही. 'हो' म्हणून टाकलं तर सगळं सोपं होईल. वहिनी परत बोलतील, तुमचं नाव राहील, माझंही मन शांत होईल. ते म्हणायला माझी जीभ शिवशिवेल सर.

तरी मी 'माहीत नाही' असंच सांगणार आहे.